रंगाखालची पांढरी भुरी

या खेपेला आलेल्या पत्रांत दुचाकीच्या अ‍ॅल्युमिनियमचीच गर्दी आहे. लोखंड गंजलं की तांबूस दिसतं, माणूस लगेच हातात पॉलिश पेपर घेतो. अ‍ॅल्युमिनियम मात्र पांढरट पडतं आणि लोक ती धूळ समजून महिनोन्‌महिने फडक्याने पुसत राहतात. बहुतेक पत्रांचा सूर "स्प्रे भिकार निघाला" असा आहे. रंग मारण्याआधी धातूचं काय केलं, हे मात्र जवळजवळ कोणीच लिहिलेलं नाही. तेव्हा उत्तरं देताना मी रंगापेक्षा त्याच्या खालच्या गोष्टींवरच जास्त बोलणार आहे. कंटाळा आला तर शेवटचे दोन प्रश्न आधी वाचा, ते सोपे आहेत.

प्रश्न : माझ्या गाडीच्या क्लच कव्हरवर कंपनीचं पारदर्शक लॅकर आहे. बोल्टांच्या आजूबाजूला लॅकरच्या खाली पांढऱ्या, केसासारख्या रेघा उमटल्यात आणि त्या पसरतायत. कॉम्पाउंड घासून पाहिलं, मेटल पॉलिश लावून पाहिलं, काही फरक नाही. वरून लॅकरचा आणखी एक हात दिला तर थांबेल का?

नाही थांबणार. आतली ओल आणखी कोंडली जाईल, एवढंच होईल. पॉलिशचा उपयोग झाला नाही, कारण तुम्ही काचेच्या बाहेरून आतला डाग पुसत होता.

एखादी रेघ भिंगाखाली बघा. ती अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असेल. पुढच्या टोकाला ओलसर, करडा ठिपका दिसेल आणि मागे कोरडी पांढरी शेपटी. गंज फक्त त्या टोकाशी चालू असतो. तिथे ऑक्सिजन कमी पोचतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि धातू खाल्ला जातो. मागे उरते ती अ‍ॅल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडची भुकटी. ही भुकटी जागा जास्त व्यापते, म्हणून लॅकर उचललं जातं आणि टोकाला पुढे सरकायला वाट मिळते. गंमत म्हणजे दोन रेघा एकमेकींना सहसा ओलांडत नाहीत. एक दुसरीच्या जवळ आली की वळते. म्हणून जुन्या कव्हरवर ती नक्षी दिसते. हवेत ७५ टक्क्यांहून जास्त दमटपणा असला आणि क्षाराचा अंश मिळाला, की हे प्रकरण जोमाने वाढतं.

सुरुवात बोल्टांपाशी का झाली, तेही सांगते. पाना फिरवताना बोल्टाच्या डोक्याशी लॅकर तडकतं. शिवाय ओल्या रंगाची सवय अशी, की तो धारदार कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे कडेवर थर सगळ्यात पातळ राहतो. खडी लागून टवका उडाला तर तिथूनही हेच सुरू होतं.

उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. कव्हर इंजिनावरून उतरवा (ऑइल काढावं लागेल आणि गॅस्केट नवं लागेल), आणि लॅकर पूर्ण काढा, डागाभोवतीचं तेवढं नव्हे. चांगल्या दिसणाऱ्या लॅकरखालीही रेघांची टोकं लपलेली असतात. १२० नंबरच्या पेपरने रेघांचे खड्डे निघेपर्यंत घासा, मग २४०, मग ३२०. लोखंडी तारेचा ब्रश अजिबात नको. त्याचे कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढे तिथेच गंजतात. बाहेरच्या सगळ्या धारदार कडा पेपरने किंचित गोल करून घ्या. गॅस्केटच्या सपाट तोंडाला मात्र हात लावू नका.

आता ज्या पायरीवर लोक घाई करतात ती. ओतीव अ‍ॅल्युमिनियमला सूक्ष्म छिद्रं असतात आणि इंजिनाच्या कव्हरच्या छिद्रांत वर्षांचं ऑइल मुरलेलं असतं. थिनरने पुसलं की वरचं जातं, आतलं राहतं. म्हणून कव्हर पुसून झालं की हॉट एअर गनने गरम करा. ऑइलचा घाम वर येईल. पुन्हा पुसा, पुन्हा गरम करा. फडकं दरवेळी नवं घ्या, नाहीतर तेच तेल इकडून तिकडे फिरतं. मग परीक्षा घ्यायची : स्वच्छ पाणी ओतून कव्हर तिरकं धरा. पाण्याचा अखंड पापुद्रा राहिला तर पास. पाणी थेंबाथेंबांत फुटलं, किंवा एखाद्या जागेवरून मागे हटलं, तर तिथे तेल आहे. ही परीक्षा फुकट आहे, आणि तरीही ती कोणी करत नाही.

पाणी पूर्ण वाळवा आणि काही तासांच्या आत पहिला थर द्या. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनने नवा पापुद्रा लगेच धरतो. तो काही नॅनोमीटरचा आणि उपकारकच असतो. पण भाग दोन दिवस तसाच ठेवला, कोणी घामेजल्या हातांनी उचलला, तर घासण्याची मेहनत वाया.

आता मूळ प्रश्न. पारदर्शक लॅकर हवं असेल तर त्याखाली प्रायमर घालता येत नाही, आणि गोम तिथेच आहे. उघड्या धातूवर नुसतं लॅकर हे दिसायला सुंदर आणि टिकायला कच्चं. कंपनीत निदान धातूवर आधी रासायनिक प्रक्रिया करता येते, तुमच्याकडे तीही नाही. माझा सल्ला : दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर, त्यावर चंदेरी रंग, त्यावर क्लिअर. दोन हात लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. फक्त हार्डनरवाल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून तो स्प्रे मारायचा नाही. ते काम हवा पुरवणारा मास्क आणि बूथ असलेल्या माणसाकडे द्या.

प्रश्न : जुना रंग काढायला फूटरेस्टचे ब्रॅकेट कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकले. फेस आला, रंग निघाला, पण धातू काळा पडला. आता काय?

ताबडतोब बाहेर काढून भरपूर पाण्याने धुवा. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम विरघळवतं आणि तो फेस हायड्रोजनचा असतो, म्हणजे जवळ काडी ओढायची नाही. लोखंडाचे भाग कॉस्टिकच्या टाकीत बिनधास्त टाकतात, त्यावरून हा घोळ नेहमी होतो. अ‍ॅल्युमिनियमचं संरक्षक कवच साधारण ४ ते ८.५ पीएचच्या (आम्ल-अल्कतेच्या मापाच्या) दरम्यानच टिकतं. दोन्ही बाजूंना ते विरघळतं. ओव्हन साफ करायची आणि तुंबलेले नळ मोकळे करायची बहुतेक द्रावणंही याच जातीची, तीही नकोत.

काळा थर म्हणजे मिश्रधातूतले सिलिकॉन, तांबं वगैरे. अ‍ॅल्युमिनियम गेलं, ते मागे राहिले. कारखान्यात तो नायट्रिक आम्लाने काढतात, घरी ते उद्योग करू नका. ओला वॉटर पेपर आणि नायलॉनचा घासणीपॅड पुरे. रंगापेक्षा मला काळजी मापांची आहे. ब्रॅकेट किती वेळ आत होते ते लिहिलेलं नाही. आटे घासून गेलेत का ते नवा बोल्ट हाताने फिरवून बघा. बोल्ट ढिला वाटला, किंवा पिन बसते ते भोक मोठं झालं असेल, तर ब्रॅकेट बदला. पाय ठेवायची जागा आहे ती.

प्रश्न : इंजिनाचे सगळे जुने बोल्ट काढून चकचकीत स्टेनलेसचे बसवले. आता त्यांच्याभोवती रंग फुगलाय, पांढरी पूड येते आणि दोन बोल्ट हलायला तयार नाहीत. स्टेनलेस तर गंजत नाही ना?

स्टेनलेस गंजत नाहीच, शेजाऱ्याला गंजवतं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल आली, की बॅटरी तयार होते. तीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि स्टेनलेस मजेत राहतं. कंपनीने जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट वापरले ते कंजूषपणाने नाही. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम या बाबतीत एकमेकांच्या जवळचे आहेत, त्यांच्यात भांडण कमी. लहान बोल्ट आणि मोठं कव्हर असलं तर नुकसान पसरून जातं हे खरं, पण आट्यांच्या फटीत पाणी अडकून राहतं आणि तिथे सगळा मारा एकाच जागी होतो. शिवाय तयार होणारी पूड फुगते, आणि बोल्ट आत आवळला जातो.

अडकलेल्या बोल्टांना जोर लावू नका, डोकं तुटून हातात येईल. आधी भेदक तेल घालून रात्रभर ठेवा. मग बोल्टाभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम हॉट एअर गनने गरम करा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणजे भोक मोठं होतं. पेट्रोलची नळी आणि टाकी आधी दूर करा, हे सांगावं लागू नये पण सांगते. बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके द्या, आणि मग सोडवताना आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग उलट, असं पुढेमागे करत या. आटे बोल्टाबरोबर बाहेर आलेच तर हेलिकॉइल बसवून घ्या. तारेचे ते आटे मूळ आट्यांपेक्षा दणकट होतात.

पुन्हा स्टेनलेसच लावायचे असतील तर आट्यांना आणि डोक्याखाली अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. आणि एक लक्षात ठेवा, टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे बहुधा कोरड्या आट्यांसाठी दिलेले असतात. वंगण लावून त्याच आकड्याला आवळलं तर बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. मऊ अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातात ते बहुतेक असेच.

प्रश्न : अलॉय चाकांना पावडर कोटिंग करून घेणार आहे. मित्र म्हणतो, भट्टीत घातल्यावर चाक कमजोर होतं. खरं आहे?

मित्र अर्धा बरोबर आहे. पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटांत पिकते. ओतीव चाकाच्या मिश्रधातूला ताकद येते ती १५० ते १७५ अंशांच्या आसपास तासन्‌तास केलेल्या ठरावीक तापणुकीने. म्हणजे पावडरची भट्टी त्या मर्यादेच्या वर जाते, पण थोडा वेळ. एकदा नीट केलं तर बहुतेक ओतीव चाकं ते सोसतात. तरी चाक बनवणाऱ्याची परवानगी बघावी, आणि घडीव चाकांच्या बाबतीत तर ती बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये.

खरा धोका आधीच्या पायरीत आहे. जुना रंग जाळून काढायच्या भट्ट्या असतात, त्या ३५० अंशांच्या वर चालतात. लोखंडी गेट, खुर्च्या त्यात खुशाल घाला. अ‍ॅल्युमिनियमचं चाक त्यात गेलं की त्याची तापणुकीने आलेली ताकद संपली, आणि बाहेरून काहीच कळत नाही. नवा रंग लावून ते तुम्हाला चकचकीत परत मिळतं. म्हणून दुकानदाराला "कोटिंग किती अंशांवर?" विचारण्याआधी "जुना रंग कसा काढता?" हे विचारा. उत्तर रासायनिक स्ट्रिपर किंवा हलकं ब्लास्टिंग असं आलं तर पुढचं बोला. उत्तर गुळमुळीत आलं तर चाक उचलून घरी या.

बेअरिंग आणि सील आधी काढायचेच. बेअरिंगची बैठक, अ‍ॅक्सलच्या बाजूच्या टेकण्या आणि डिस्क बसते तो चेहरा, एवढ्या जागा झाकून घ्या. डिस्कखाली पावडरचा जाड थर राहिला तर तो दाबाने हळूहळू बसतो आणि डिस्कचे बोल्ट ढिले पडतात. कोटिंगवर टाचणीएवढी भोकं आली तर ती ओतीव धातूतून निघालेल्या हवेची असतात. चांगला कारागीर चाक आधी नुसतं तापवून हवा काढून घेतो. मात्र ती तापणूकही हिशेबात धरा, भट्टीच्या फेऱ्या वाढवत नेऊ नका.

ट्यूबलेस चाकाची हवा हळूहळू जात असेल, तर टायरची कड बसते तिथला रंग बघा. तिथे भुरी आली की रंग उचलला जातो आणि हवा त्याखालून निघते. वरवरची असेल तर घासून, प्रायमरचा पातळ हात देऊन भागतं. नखाला लागतील असे खोल खड्डे असतील, किंवा आरीच्या मुळाशी बारीक चीर दिसली, तर रंगवू नका. रंगाखाली चीर झाकणं हा गुन्हा मानते मी.

प्रश्न : ब्रेक कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) रंग फुगून निघालाय. कॅलिपर उघडून रंगवायचा विचार आहे. शिवाय ब्रेक थोडा धरून राहतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

संबंध आहे, आणि रंगाआधी तेच बघा. रंग फुगायची कारणं दोन. एक, ब्रेक ऑइल. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलवर आधारलेली ऑइल रंग खातात; सांडलं की लगेच पाण्याने धुवायचं, नुसतं पुसायचं नाही. दुसरं कारण म्हणजे आतून आलेली भुरी.

धरून राहण्याचं असं आहे. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी सील असतं, ते कॅलिपरमधल्या खाचेत बसतं. ब्रेक दाबला की पिस्टनबरोबर हे रबर किंचित पिळतं, आणि सोडला की परत सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. ब्रेक सुटतो तो याच्यामुळे. रस्त्यावरचं पाणी धूळसील ओलांडून आत आलं की खाचेच्या तळाशी पांढरा कठीण थर धरतो. त्या थराने सील आतून पिस्टनवर ढकललं जातं, पिळायला जागा उरत नाही, आणि पिस्टन आवळला जातो. नवं सील आणून त्याच खाचेत बसवलं तरी ब्रेक धरतोच, आणि मग दोष सीलच्या माथी मारला जातो.

खाच पितळेच्या किंवा कठीण प्लॅस्टिकच्या टोकाने खरवडायची, स्क्रूड्रायव्हरने नाही. बोट फिरवून खडबड लागली नाही म्हणजे झालं असं समजू नका, कोपऱ्यात उजेड पाडून बघा. सील नेहमी नवी. हे काम आधी केलेलं नसेल तर जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या, ब्रेकवर हात बसवायला शिकू नये. रंगवताना पिस्टनची भोकं, खाचा, पॅड सरकतात त्या जागा आणि ब्लीडरचे (ब्रेकमधली हवा काढायच्या स्क्रूचे) आटे झाकून टाका.

प्रश्न : इंजिनाच्या फिन्सना उष्णतारोधक काळा स्प्रे मारला तर इंजिन जास्त तापेल का? मागच्या वेळी मारलेला रंग नखाने निघतो.

पातळ थराने काही होत नाही. मॅट काळा पृष्ठभाग चकचकीत अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उष्णता चांगली बाहेर टाकतो, जरी फिन्सची बहुतेक उष्णता वारा नेतो. जाडजूड थर मात्र नको, आणि फिन्सच्या मधल्या फटी रंगाने बुजवू नका. नखाने निघतो कारण असे बरेच स्प्रे तापल्याशिवाय पिकत नाहीत. डब्यावर तापवायच्या पायऱ्या छापलेल्या असतात, त्या पाळा. तुम्ही बहुधा रंगवून गाडी महिनाभर उभी ठेवली असणार.

प्रश्न : एच प्रायमर मारून त्यावर खड्डे भरायला पॉलिएस्टर पुट्टी लावली, ती सोलून आली.

येणारच. एच प्रायमरमधलं आम्ल पुट्टीला नीट पिकू देत नाही. तो थर दहा मायक्रॉनच्या आसपासचा, त्याचं काम धातूला धरणं एवढंच. सगळं काढा, घासलेल्या धातूवर इपॉक्सी प्रायमर द्या, आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे वाळल्यावर, घासून, त्यावर पुट्टी.

प्रश्न : लाल अ‍ॅनोडाइज्ड लिव्हर गुलाबी पडले. पॉलिश कुठलं?

कुठलंच नाही. तो रंग धातूवर विजेने वाढवलेल्या ऑक्साइडच्या थराच्या, म्हणजे अ‍ॅनोडायझिंगच्या छिद्रांत मुरवलेला असतो आणि उन्हाने विटतो. पॉलिश घासलंत तर थर पातळ होईल. उतरवून पुन्हा करून घ्या, किंवा गुलाबी आवडून घ्या.

प्रश्न : जुन्या गाडीचं एक कव्हर बाकीच्यांपेक्षा फार हलकं लागतं, आणि त्यावर रंग अजिबात टिकत नाही.

मॅग्नेशियम असू शकेल. तेवढ्याच आकाराचं मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे दोन तृतीयांश वजनाचं भरतं. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, थोडा धातू उघडा करून साध्या व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर मॅग्नेशियम; अ‍ॅल्युमिनियमवर तो थेंब नुसता बसून राहतो. थेंब लगेच धुऊन टाका.

मॅग्नेशियम निघालं तर ग्राइंडर बाजूला ठेवा. त्याची कोरडी पूड पेट घेते, आणि तिच्यावर पाणी टाकलं तर आग भडकते. एच प्रायमरही नको, त्यातल्या आम्लाची धातूवर नको तितकी प्रतिक्रिया होते. हाताने, ओल्या पेपरने घासा, चिखल साचू न देता धुऊन टाका, भाग नीट वाळवा आणि मॅग्नेशियम चालेल असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं इपॉक्सी प्रायमर द्या.

प्रश्न : गाडी पावसात भिजत नाही, रोज कव्हर घालून ठेवते. तरी फोर्कच्या खालच्या नळ्यांवर भुरी येतेच.

ओल्या गाडीवर कव्हर घालत असाल. प्लॅस्टिकच्या कव्हरखाली दमट हवा कोंडते आणि पहिल्या प्रश्नातल्या रेघांना नेमकं तेच लागतं. धुतल्यावर गाडी थोडी चालवून आणा, वाळू द्या, मग झाका. कव्हर हवा खेळणारं कापडी घ्या. धुण्यासाठी कपड्यांची पावडर वापरत असाल तर तीही बंद करा, ती अल्कधर्मी असते. भुरी लॅकरच्या वर असेल तर साध्या शाम्पूने जाईल. खाली असेल तर पहिलं उत्तर पुन्हा वाचा, आणि फोर्क रंगायला उतरवलेच आहेत तर ऑइल सीलही बदलून घ्या.